रग्बीचा अंतिम सामना आणि मैदानाबाहेरचे कर्णधार

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी आपल्या दैनिकाच्या क्रीडापानावर शालेय रग्बीच्या अंतिम सामन्यांत उतरणाऱ्या चार कर्णधारांचे, म्हणजे मुलांच्या दोन आणि मुलींच्या दोन संघांच्या कर्णधारांचे, छायाचित्र प्रसिद्ध झाले. मध्ये टेबलावर चषक, चषकावर चौघांचे हात आणि खाली चौघांच्या तोंडी घातलेले एकच वाक्य : ‘यंदाचा चषक आमचाच.’ फुटबॉलच्या या गावात रग्बीला अर्धे पान मिळाले याचा आनंद झाला, हे आधीच नमूद करतो. मात्र त्या चौघांपैकी दोघांना मी गेले तीन महिने सकाळच्या सरावात पाहतो आहे आणि त्या दोघांपैकी कोणीही असे बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. ते वाक्य त्यांना कोणीतरी पढवलेले आहे. आपल्याकडे कुस्ती निकाली झाल्याशिवाय गदा पैलवानाच्या खांद्यावर येत नाही. मग खेळाआधीच चषकावर हात ठेवायला मुलांना का लावावे, असे मनात आले, पण ती बाब किरकोळ आहे. पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे.

मी ३१ वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली. त्यातील बराच काळ फुटबॉल आणि कबड्डीत गेला. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत रग्बी आला, तेव्हा नियमपुस्तक हातात धरून मुलांबरोबर मीही शिकलो. निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जाण्याच्या निमित्ताने मैदानावर जाऊन बसतो. येत्या रविवारच्या सामन्यांची तयारी पाहताना एक गोष्ट मला सारखी खटकते. आपण संघाची तयारी करून घेतो. कर्णधाराची तयारी करून घेत नाही. आणि जो मुलगा किंवा जी मुलगी ती तयारी स्वतःहून करते, तिच्या हातून निर्णय काढून घेण्याचे काम आपण मोठी माणसे मैदानाच्या कडेला उभे राहून इमानेइतबारे करतो.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्याकडे शाळांत खेळला जातो तो सात-सात खेळाडूंचा रग्बी, म्हणजे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आला तो प्रकार. सात-सात मिनिटांची दोन सत्रे आणि मध्ये अवघी दोन मिनिटे विश्रांती. मैदान मात्र पंधरा जणांच्या रग्बीएवढेच मोठे. चेंडू हाताने पास करायचा तो आडवा किंवा मागेच. पुढे दिला की चूक. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण. त्यानंतरची किक दोन खांबांमधून आडव्या दांडीवरून गेली की आणखी दोन. चेंडू घेऊन पळणाऱ्याला दोन्ही हातांनी कवळ घालून खाली पाडायचे, याला टॅकल म्हणतात. आमच्या मुलांना हे शिकवावे लागत नाही, कारण दुहेरी पट काढण्याची सवय पेठापेठांतून लहानपणीच लागलेली असते. फक्त कवळ खांद्याच्या वर जाता कामा नये, हे घोकून घ्यावे लागते. मानेला हात गेला की पेनल्टी, आणि प्रकार गंभीर असेल तर कार्ड. पिवळे कार्ड म्हणजे दोन मिनिटे बाहेर. चौदा मिनिटांच्या खेळात दोन मिनिटे सातांविरुद्ध सहा खेळायचे, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता कर्णधाराविषयी. बहुतेक खेळांत कर्णधार म्हणजे नाणेफेकीला जाणारा आणि बक्षीस घेणारा, अशी आपली समजूत असते. रग्बीत तसे नाही, आणि त्यामागे इतिहास आहे. इंग्लंडमधील ज्या रग्बी नावाच्या शाळेवरून हा खेळ ओळखला जातो, तिथे १८४५ मध्ये विद्यार्थ्यांनी स्वतः खेळाचे नियम लिहून काढले. त्या नियमांत पंच नव्हताच. वाद झाला तर दोन्ही बाजूंच्या प्रमुखांनी किंवा त्यांनी नेमलेल्या दोन प्रतिनिधींनी तो मिटवायचा, आणि त्यांचाच शब्द अखेरचा, असे त्यात म्हटले होते. पंच पुढे आले, शिट्टी आली, कार्डे आली. परंतु मैदानावरचा निर्णय खेळणाऱ्यांपैकीच एकाने घ्यायचा, हा मूळ धागा तुटला नाही. आजही पंचांशी बोलायचे ते कर्णधाराने. दुसरा कोणी हुज्जत घालू लागला तर पंच पेनल्टीची जागा आणखी दहा मीटर पुढे नेऊ शकतात. पेनल्टी मिळाल्यावर चेंडू खांबांमध्ये मारून तीन गुण घ्यायचे, बाहेर मारून लाइनआउट घ्यायचा (म्हणजे रेषेवरून आत फेकलेला चेंडू दोन रांगांतील खेळाडूंनी झेलायचा), स्क्रम मागायचा (म्हणजे दोन्ही संघांच्या पुढच्या खेळाडूंनी एकमेकांना भिडून रेटत चेंडू मिळवायचा) की जागेवरच पायाने टोचून, म्हणजे ‘टॅप’ करून, पळत सुटायचे, हे कर्णधार ठरवतो. आणि एकदा ‘गोलवर मारतो’ असे पंचांना सांगितले की शब्द मागे घेता येत नाही.

फुटबॉलप्रेमींना हे विचित्र वाटेल. आपल्या पेठांमधल्या सामन्यांत पंचांभोवती एकाच वेळी सहा-सात खेळाडू, दोन राखीव आणि एखादा कार्यकर्ता उभा असतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु २०२४ च्या युरो स्पर्धेत फुटबॉलवाल्यांनीसुद्धा फक्त कर्णधारानेच पंचांकडे जावे, असा दंडक घातला. रग्बीतील ही पद्धत त्यांना उशिरा का होईना, पटली असे म्हणायला हरकत नाही.

कर्णधाराच्या निर्णयाचे वजन किती असते, याची दोन उदाहरणे मी मुलांना नेहमी सांगत असे. दोन्ही २०१५ च्या विश्वचषकातील, आणि दोहोंमध्ये जेमतेम आठवड्याचे अंतर. पहिले १९ सप्टेंबरचे, ब्रायटन येथील. तोवर विश्वचषकात एकच सामना जिंकलेला जपान दोन वेळच्या जगज्जेत्या दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अखेरच्या क्षणी २९-३२ असा तीन गुणांनी मागे होता. पेनल्टी मिळाली. गोलवर मारून तीन गुण घेतले असते तर बरोबरी झाली असती, आणि आफ्रिकेशी बरोबरी ही जपानसाठी दिवाळीच होती. प्रेक्षागारात बसलेले प्रशिक्षक एडी जोन्स तीन गुण घ्या म्हणून ओरडत होते, हे त्यांनीच पुढे सांगितले. मैदानावरील कर्णधार मायकल लीच याने स्क्रम मागितला. त्यातून ट्राय झाला आणि जपान ३४-३२ असा जिंकला. दुसरे उदाहरण २६ सप्टेंबरचे, लंडनमधील ट्विकनहॅमचे. यजमान इंग्लंड वेल्सविरुद्ध २५-२८ असा, पुन्हा तीनच गुणांनी, मागे होता आणि अखेरच्या मिनिटांत त्यांनाही पेनल्टी मिळाली. कर्णधार क्रिस रॉबशॉ याने तीन गुण नाकारून चेंडू कोपऱ्यात बाहेर मारायला लावला. लाइनआउटमध्ये चेंडू हाती आला, पण वेल्सच्या खेळाडूंनी सगळा घोळका रेषेबाहेर ढकलला. इंग्लंड हरला आणि पुढे साखळीतूनच बाद झाला. लीचचा जयजयकार झाला आणि रॉबशॉला वर्तमानपत्रांनी सोलून काढले. निर्णय दोघांचा एकाच जातीचा होता. मुलांना मी विचारत असे, रॉबशॉ चुकला का? वर्गात दोन तट पडत. मला उत्तर नको असायचे. तिथे उभे राहून तीस सेकंदांत ठरवायचे असते, एवढे त्यांच्या लक्षात यावे असे वाटे.

आता आपल्या मैदानाच्या कडेला काय चालते ते पाहा. उपांत्य सामन्यात पेनल्टी मिळाली तेव्हा कर्णधाराने पंचांकडे पाहण्याआधी कडेला उभ्या असलेल्या आपल्या सरांकडे पाहिले. सर ‘टॅप, टॅप’ म्हणून ओरडले, एक पालक ‘मार बाहेर’ म्हणून ओरडले, आणि माजी विद्यार्थ्यांच्या घोळक्यातून तिसराच सल्ला आला. तोवर समोरचा संघ दहा मीटर मागे सरून नीट ओळ लावून उभा राहिला होता. पेनल्टी पटकन घेण्यात जो फायदा असतो तो गेला. सामना पेनल्टी मिळालेल्या संघानेच जिंकला म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही इतकेच.

ही सवय आपल्याला कुठून लागली, याचा मी विचार केला तेव्हा मला तालमी आठवल्या. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती पाहत आम्ही मोठे झालो. हौदाच्या कडेला वस्ताद बसलेला, आणि आत झुंजणाऱ्या पठ्ठ्याला ‘पट काढ’, ‘ढाक लाव’ असे सांगणारा. कुस्तीत ते शोभते, कारण पैलवान एकटा असतो, त्याला वस्तादाखेरीज कोणी नाही, आणि सगळी कुस्ती वस्तादाच्या नजरेसमोर दहा हातांवर चालते. रग्बीचे मैदान शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटर रुंद असते. कडेला उभ्या असलेल्या माणसाला समोरच्या फळीतील फट दिसतच नाही. त्याला खेळ बाजूने दिसतो, ओळीवर ओळ चढलेली दिसते. जो मुलगा मैदानाच्या मध्यात उभा आहे, त्यालाच समोर किती जण आहेत आणि कोणत्या बाजूला एक माणूस कमी आहे हे कळते. तरीही आपण ओरडतो. मीही ओरडत होतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजलेली मी पाहिली आहे.

ती हकिगत सांगायलाच हवी. मी शाळेत असतानाच्या एका स्पर्धेत आमच्या संघातील एका मुलाचे डोके टॅकल करताना समोरच्याच्या गुडघ्यावर आदळले. तो उठला, कपडे झटकले आणि चालत जाऊन प्रतिस्पर्धी संघाच्या घोळक्यात उभा राहिला. सगळे हसले. आमच्या कर्णधाराने मात्र माझ्याकडे पाहून हाताने खूण केली, याला बाहेर घेऊ का. आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि तो आमचा सर्वांत वेगवान खेळाडू होता. मी ओरडलो, ‘काही झालं नाही, खेळू दे त्याला.’ कर्णधाराने मान खाली घातली. मुलगा उरलेली चार मिनिटे खेळला, घरी जाताना दोनदा ओकला, आणि तो सामना त्याला आजही आठवत नाही. दैव बलवत्तर म्हणून पुढे काही झाले नाही. आता तो मोठा झाला आहे आणि भेटला की हसून नमस्कार करतो. मला मात्र हसू येत नाही. जागतिक रग्बी संघटनेचा नियम साधा आहे : मेंदूला हादरा बसल्याची शंका जरी आली तरी खेळाडूला ताबडतोब बाहेर काढायचे आणि त्या दिवशी पुन्हा उतरवायचे नाही. ती शंका सर्वांत आधी शेजारी खेळणाऱ्याला येते, शिक्षकाला नाही. त्या दिवशी पंधरा-सोळा वर्षांच्या त्या कर्णधाराला जे दिसले ते बरोबर होते. माझ्या आवाजाने ते पुसले.

म्हणून कर्णधाराच्या तयारीत पहिली गोष्ट ही असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण कोणत्या मैदानावर आहोत, आता पहिले सत्र चालू आहे की दुसरे, शेवटचे गुण कोणी केले, मागचा सामना कोणाशी होता आणि तो आपण जिंकला का, हे पाच प्रश्न प्रत्येक कर्णधाराला पाठ असले पाहिजेत. डोक्याला मार बसलेल्या सोबत्याला ते विचारायचे. एकाही उत्तरात चाचपडला तर हात वर करून पंचांना सांगायचे. सगळी उत्तरे बरोबर आली, पण पोरगा झोकांडत असेल किंवा शून्यात बघत असेल, तरीही सांगायचेच. आणि त्याने सांगितल्यावर आम्ही शिक्षकांनी एक अक्षर बोलायचे नाही.

मुलींच्या एका संघाच्या कर्णधाराविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ती शहराबाहेरच्या गावातून पहाटेच्या एसटीने येते आणि सव्वासहाला मैदानावर असते. फक्की मारण्याचे काम तिने कोणाला सांगताना मी पाहिलेले नाही. डबा हातात घेऊन गोलरेषा ती स्वतः आखते. मागच्या आठवड्यात सराव संपल्यावर तिने सगळ्यांच्या चपला गोळा केल्या. सात जोड एका ओळीत मांडले, ही समोरच्या संघाची बचावफळी. मग त्यांतील टोकाचा जोड उचलून ती म्हणाली, ‘ही शेवटची पोरगी सारखी आत येतीया. उपांत्य मॅचला तीनदा आली. ती आत आली की हिकडं एवढी जागा.’ आणि त्या जागेत तिने स्वतःची पाण्याची बाटली ठेवली. बारा मुली कोंडाळे करून त्या चपलांकडे पाहत होत्या. मी ३१ वर्षांच्या नोकरीत फळ्यावर जेवढी वर्तुळे आणि बाण काढले, त्यांत एवढे सोपे करून एकदाही सांगितले नसेल.

त्याहून मला महत्त्वाचे वाटले ते त्यानंतरचे. सातांत एका मुलीचे नाव नव्हते. ती गेल्या वर्षी होती. चपला घालून सगळ्या निघाल्या तशी कर्णधार तिच्याजवळ जाऊन बसली. काय बोलणे झाले ते सगळे मला ऐकू आले नाही, ऐकणे बरेही नव्हते. पण शेवटचे वाक्य कानावर पडले : ‘तू बाहेर हाईस तवर त्यांची माणसं मोजायची तुझ्याकडं. किती उभ्या, किती खाली, मला हाक मार.’ राखीव खेळाडूला काम देणे हे कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात शिकवले जात नाही. (त्या मुलीचा चेहरा लगेच उजळला, असे मात्र मी म्हणणार नाही. तिने बुटाची नाडी बराच वेळ सोडली आणि बांधली.)

मुलांच्या कर्णधाराची गोष्ट वेगळी. त्याच्या घरात फुटबॉल; वडील आणि चुलते दोघेही पेठेच्या संघातून खेळलेले, त्यामुळे बोलणे फटकळ आणि पाय चपळ. सराव सकाळी असतो आणि अंतिम सामना दुपारी साडेचारला. परवा मी संध्याकाळचा सहज मैदानावरून जात होतो, तर हा एकटा सायकल टेकवून गोलरेषेवर उभा. कपाळावर हात धरून वर बघत होता. विचारले तर म्हणाला, ‘सर, ह्या टायमाला ऊन कुठनं येतंय बघायला आलोय.’ आपले मैदान पूर्व-पश्चिम पडते. दिवाळीनंतर साडेचारचा सूर्य खाली आलेला असतो, आणि पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या संघाला उंच मारलेली किक पकडताना चेंडू दिसत नाही. सातांच्या रग्बीत गुण करणारा संघच पुन्हा किक मारतो, त्यामुळे दर ट्रायनंतर समोरच्याला ती उंच किक पकडावी लागते. जो ती पकडतो त्याच्याकडे चेंडू राहतो, आणि चेंडू नसेल तर अशा छोट्या सामन्यात नुसते पळणेच नशिबी येते. नाणेफेक जिंकणाऱ्याला किक किंवा बाजू यांपैकी एक निवडता येते, दुसरे आपोआप हरणाऱ्याकडे जाते. त्या मुलाने बाजू घ्यायची असे मनाशी ठरवले होते आणि त्यामागे कारण होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ते आपल्या शिक्षकांना सांगू पाहिले, तेव्हा त्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत उत्तर आले : ‘टॉस जिंकलास तर किक घ्यायची. आपण नेहमी किकच घेतो.’ तो गप्प बसला. मी तिथे निवृत्त माणूस, मीही गप्प बसलो. किक घेण्याच्या बाजूनेही बोलता येईल, नाही असे नाही. पण ज्याने उन्हात उभे राहून पाहिले त्याचे ऐकून तरी घ्यायला काय हरकत होती?

आणखी एक गोष्ट प्रेक्षकांसाठी. रग्बीत चेंडू मागेच द्यायचा असल्यामुळे ज्याच्या हातात चेंडू असतो त्याचे सगळे सोबती त्याच्या पाठीमागे असतात. त्याला ते दिसत नाहीत, ऐकू येतात. ‘डावीकडं’, ‘जवळ’, ‘थांब’ अशा हाकांवर हा खेळ चालतो, आणि बचावात उभी ओळ एकदम पुढे काढायची ती कर्णधाराच्या हाकेवर. उपांत्य सामन्याच्या दिवशी हलगीवाल्यांना रेषेपासून पाच-सहा फुटांवर उभे केले होते. हलगी कडाडली की माझ्या अंगावरही काटा येतो, मी याच मातीतला आहे. पण त्या दिवशी मुली एकमेकींकडे पाहून ओठ वाचत होत्या आणि दोन पास कोणीच नसलेल्या जागी गेले. हलगी जरूर वाजावी. सत्र सुरू होण्यापूर्वी, मध्यंतरात आणि ट्राय झाल्यावर वाजावी, आणि खेळ चालू झाला की थांबावी. एवढी समज हलगीवाल्यांना असते. त्यांना बोलावणाऱ्यांनी ती दाखवावी.

आयोजकांनाही एक विनंती आहे. मागील वर्षी अंतिम सामन्याआधी दोन्ही संघ अंग गरम करून तयार झाले, आणि मग पाहुण्यांचे आगमन, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि तीन भाषणे असा कार्यक्रम चालला. मुले रांगेत उभी होती. मी घड्याळ लावून पाहिले, ४० मिनिटे. चौदा मिनिटांच्या खेळासाठी चाळीस मिनिटांचा समारंभ. तोवर पोटऱ्या थंड पडल्या, आणि पहिल्याच धावेत एका मुलाच्या मांडीमागचा स्नायू धरला. पाहुण्यांचे स्वागत झालेच पाहिजे, त्याशिवाय पुढच्या वर्षी मैदान आणि चषक कोण देणार, हे व्यवहार मलाही कळतात. परंतु भाषणे सामन्यानंतर ठेवावीत आणि सामन्याआधी पाहुण्यांनी कर्णधारासोबत रांगेवरून चालत जाऊन खेळाडूंशी फक्त हस्तांदोलन करावे. आपल्या संघातील प्रत्येकाचे नाव कर्णधाराने घ्यायचे, ही जगभरची रीत आहे. त्याला दोन मिनिटे पुरतात.

पालकांना फार सांगत नाही. आदल्या रात्री तांबड्या-पांढऱ्याचा बेत नको आणि सामन्याच्या दिवशी दुपारी मिसळही नको. जिंकले किंवा हरले तरी सोमवारी करता येईल. दहावीच्या सवलतीच्या गुणांचा विषय या चार दिवसांत घरात काढू नये. मागच्या आठवड्यात एका मातोश्री मला विचारत होत्या, हरले तर गुण किती कमी होतात. मुलगी शेजारीच उभी होती.

शालेय रग्बीची परंपरा जिथे मुरलेली आहे तिथे काय करतात, असे कोणी विचारील. आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतातील शाळांचा चषक १८७६ पासून खेळला जातो आणि त्याचा अंतिम सामना परंपरेने १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी होतो. तिथेही माजी विद्यार्थी येतात, गाणी म्हणतात, आरडाओरडा करतात; ती माणसेच आहेत. परंतु पेनल्टी मिळाल्यावर पंच जातो तो कर्णधाराकडे, आणि सामना संपला की जिंकलेला संघ दोन रांगा करून हरलेल्यांना टाळ्या वाजवत मधून जाऊ देतो, मग हरलेले तसेच करतात. ती रांग लावण्याचे कामही कर्णधाराचे. हरलेल्या कर्णधाराला रडू येत असताना सोबत्यांना हाका मारून रांगेत उभे करावे लागते, आणि रविवारी आपल्याकडे दोघांवर ही वेळ येणारच आहे. त्याची तालीम मात्र कोणी घेत नाही. चपला मांडणाऱ्या मुलीला मी हे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘सर, आमी जिंकलो तर काय करायचं ते सगळ्यांनी सांगितलंय. हे कुणी न्हाई सांगितलं.’

चारही शाळांच्या क्रीडाशिक्षकांना, जे माझे सहकारी आणि काही तर माझेच विद्यार्थी आहेत, माझी कळकळीची सूचना आहे की शनिवारी सराव झाल्यावर अर्धा तास कर्णधाराशी एकट्याशी बोलावे. दोन गुणांनी मागे आहोत, एक मिनिट उरले आहे, समोर बावीस मीटरवर पेनल्टी मिळाली आहे, काय करशील? पाच गुणांनी मागे असू तर? वेळ संपल्यावर पेनल्टी मिळाली तर सामना तिथे संपत नाही, हे त्याला माहीत आहे का? एकाला पिवळे कार्ड मिळाले तर त्याच्या जागी कोण सरकेल? त्याची उत्तरे ऐकावीत, पटली नाहीत तर तिथेच वाद घालावा, आणि रविवारी सामना सुरू झाला की खुर्ची घेऊन रेषेपासून दूर, शक्यतो प्रेक्षकांत, बसावे. हे कठीण आहे. आमच्या घरी याची चर्चा झाली तेव्हा सौभाग्यवतींनी मला तोंडात खडीसाखर धरून बसण्याचा सल्ला दिला आहे, आणि पुडी आणूनही ठेवली आहे.

आपल्या दैनिकालाही एक विनंती करतो. सोमवारच्या अंकात विजेत्या संघाचे छायाचित्र येईलच, ट्राय कोणी केले तेही येईल. त्याबरोबर नाणेफेक जिंकलेल्या कर्णधाराने काय निवडले, पेनल्टी मिळाल्यावर कोणता निर्णय घेतला आणि तो का घेतला, हे आपल्या वार्ताहराने चौघांनाही, हरलेल्या दोघांनाही, विचारून छापावे. विचारताना शेजारी कोणी शिक्षक उभे नसतील, एवढे पाहावे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर